बडोद्यातून लहान मराठी साहित्यिक अंक कसा काढायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चौघं मिळून बडोद्यातून एक छोटा मराठी अंक काढतो, कविता, कथा, थोडे लेख, थोडे अनुवाद. गेली काही वर्षं इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव असं कुठून कुठून लोक फोन करून विचारतात की आम्हालाही काढायचाय, काय काय लागतं. उत्तरं तीच तीच द्यायला लागतात म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय.

बडोद्यात मराठी अंक वाचणार कोण? पुण्या-मुंबईतूनच काढलेला बरा नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला याचं उत्तर द्यायला खरंच आवडतं. 'अभिरुची' बडोद्यातूनच निघायचं, १९४३ पासून, पुरुषोत्तम आणि विमल चित्रे या नवरा-बायकोंनी चालवलेलं. पु. ल. देशपांड्यांचं सुरुवातीचं लिखाण त्यात आलं, मं. वि. राजाध्यक्ष 'निषाद' या नावाने त्यात सदर लिहायचे आणि लोक त्या सदरासाठी अंकाची वाट बघायचे. म्हणजे मराठीतलं अगदी वरच्या दर्जाचं मासिक महाराष्ट्राच्या बाहेरून, आपल्या गावातून चालत होतं. आणि बघा, त्याच घरात १९३८ साली जन्मलेला मुलगा, दिलीप चित्रे, पुढे मुंबईला गेल्यावर सोळा-सतराव्या वर्षी अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांच्यासोबत 'शब्द' नावाचा सायक्लोस्टाइल (स्टेन्सिलवरून प्रती काढलेला) अंक काढतो, १९५४ च्या सुमाराला. घरात अंक निघताना बघितलेलं पोर होतं ते.

शिवाय गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर या दोन चित्रकारांनी १९६९ ते १९७३ 'वृश्चिक' हे नियतकालिक इथूनच काढलं, इंग्रजीत. २०१८ चं ९१ वं मराठी साहित्य संमेलन बडोद्यालाच झालं. तेव्हा वाचणार कोण ही काळजी सोडा. वाचक दांडिया बाजार, वाडी अशा इथल्या वस्त्यांत आहेत, आणि बाकीचे कुठे कुठे पसरलेले आहेत, त्यांच्यापर्यंत पाकीट पोचवायचं एवढंच आपलं काम.

किती माणसं लागतात?

तीन असली तरी चालतं. एक जण येणारं सगळं वाचणारा, एक जण पैशाचा हिशोब आणि वर्गणीदारांची यादी सांभाळणारा, एक जण प्रेस आणि पोस्ट बघणारा. पण काय छापायचं याचा शेवटचा शब्द एकाचाच पाहिजे. मतदान करून कविता निवडल्या ना की सगळ्यांना चालतील अशाच निवडल्या जातात, आणि कुणाला तरी एकाला जिवापाड आवडलेली कविता मागे पडते. अंकाला चेहरा येतो तो त्या एका माणसाच्या आवडीमुळे.

मासिक, त्रैमासिक की वार्षिक?

मराठीत या असल्या अंकांना 'अनियतकालिक' म्हणतात, हा शब्दच किती मोकळा आहे बघा. तारीख ठरलेली नाही, साहित्य जमलं की निघणार. आमचं असं झालं की पहिल्या अंकावर हौसेने 'त्रैमासिक' छापलं आणि दुसरा अंक सात महिन्यांनी आला, वर्गणीदारांचे फोन घेता घेता जीव नकोसा झाला. तिसऱ्या अंकापासून तो शब्द काढला. आता वर्षाला दोन निघतात, आणि दोनच काढायचे हे आधीच सांगतो.

सरकारी नोंदणी लागते का? आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख क्रमांक) घ्यायलाच पाहिजे का?

१८६७ चा जुना कायदा गेला, त्याच्या जागी २०२३ चा नवा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झालाय. त्यात नियतकालिक म्हणजे ठराविक अंतराने छापलं जाणारं आणि सार्वजनिक बातम्या किंवा त्यांच्यावरची टिप्पणी असलेलं प्रकाशन, पुस्तकं आणि शास्त्रीय, तांत्रिक, शैक्षणिक नियतकालिकं त्यातून वगळलीयेत. तुम्हाला नियमित तारखेला काढायचं असेल, चालू घडामोडींवर लिहायचं असेल, टपालाची सवलत पाहिजे असेल तर नोंदणी करा, आता शीर्षक आणि नोंदणी दोन्हीचा अर्ज प्रेस सेवा पोर्टलवर एकदमच ऑनलाइन होतो. तुमचा अंक नक्की कुठल्या खणात बसतो हे कायदा समजणाऱ्या एखाद्या माणसाला दाखवून घ्या, एका बैठकीचं काम आहे.

बरेच लहान अंक प्रत्येक अंक पुस्तक म्हणून काढतात आणि त्याला आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, घेतात, तो राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो. तसं केलंत तर १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि बाकीच्या ठरलेल्या सार्वजनिक ग्रंथालयांना महिन्याभरात पाठवाव्या लागतात. त्या मनापासून पाठवा, कारण पन्नास वर्षांनी आपला अंक कुठे सापडला तर तिथेच सापडेल. आयएसएसएन पण भारतात फुकटच आहे, आठ आकडी असतो, पण तो म्हणजे फक्त ओळख क्रमांक, दर्जाचा शिक्का नाही. प्राध्यापक मंडळी त्याच्यासाठी मागे लागतात, त्यांच्यासाठी अंक काढू नका.

पैशाचं गणित कसं बसवायचं?

हे नीट कागदावर मांडा. समजा ३०० प्रती छापल्या आणि छपाई-बाइंडिंग मिळून २४,००० रुपये लागले, म्हणजे प्रत पडली ८० ला. लोक इथेच थांबतात आणि किंमत १५० ठेवून खूश होतात. पण पाकीट आणि टपाल धरा प्रतीमागे ४५, म्हणजे ३०० चे १३,५००. झाले ३७,५००. आता लेखकांना, ग्रंथालयांना, इतर संपादकांना मिळून ६० प्रती तरी फुकट जातात. उरल्या २४०. भागाकार करा, विकलेली प्रत १५६ ला पडली, आणि हे सगळ्याच्या सगळ्या विकल्या गेल्या तर! दुकानात ठेवल्यात तर विक्रेत्याचं कमिशन आणखी वेगळं. म्हणून २०० किंमत सांगायला लाजू नका.

वर्गणी चार अंकांची घ्या, त्याच्या पुढची नको. आजीव वर्गणी तर अजिबात घेऊ नका. तेव्हा एकरकमी पैसे हातात येतात ते पहिल्या दोन अंकांत संपतात आणि मग आयुष्यभर त्या माणसाचं देणं राहतं. आमच्या एका ज्येष्ठ मित्राने हे फार कळकळीने सांगितलं होतं, त्यांचा अंक त्याच्यामुळेच बुडाला होता.

जाहिरात घ्यायची तर मागच्या कव्हरची एकच. वर्गणीचं खातं वेगळं ठेवा, आपल्या पगाराच्या खात्यावर युपीआय घेऊ नका, नंतर कुठले दोनशे कुणाचे ते कळत नाही.

छपाईचं काय बघायचं?

साधी गोष्ट, फर्मा समजून घ्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापून घडी घातलेली पानं. डेमी अष्टमांश आकारात एका फर्म्यात १६ पानं बसतात, म्हणजे ८० पानांचा अंक पाच फर्म्यांत सरळ बसतो आणि ८४ केलीत की वरच्या चार पानांसाठी खर्च वाढतो. आम्ही अंक लावतानाच पानांचा हिशोब करतो, आणि कवितेला मात्र तिची जागा सोडतो, एका पानात दोन कविता कोंबत नाही. कागद ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) चालतो पण पाठीमागचं दिसू नये म्हणून हातात घेऊन उजेडात धरून बघा, नॅचरल शेड डोळ्यांना बरी. शंभर-दोनशे प्रती असतील तर डिजिटल, पाचशेच्या पुढे ऑफसेट, मधल्या आकड्यांना दोन्हीकडे विचारा.

फॉण्टचा एवढा बाऊ कशाला करता?

कारण एकदा पोळलोय. पहिल्या अंकात एक कविता होती, त्यात 'दऱ्या' होत्या, डोंगरातल्या. छापून आल्यावर तिथे 'दर्या' होता. कवितेत डोंगर आणि खाली एकदम समुद्र! कवयित्रीने फोन केला तेव्हा ती रागावली नाही, नुसती गप्प बसली, ते मला अजून आठवतं. झालं असं की तिची फाईल जुन्या फॉण्टमधली, ती युनिकोडमध्ये बदलताना ऱ्य चा र्य झाला, ज्या दादांनी पानं लावली ते रोज गुजराती लावतात त्यांना हा फरक दिसणार कसा, आणि शेवटचं प्रूफ आम्ही मोबाईलवर बघून ओके केलेलं. चूक आमची होती.

तेव्हापासून नियम असा की शेवटचं प्रूफ कागदावर, आणि दोघांनी वाचायचं, एकाने मोठ्याने आणि दुसऱ्याने मूळ प्रतीवर बोट ठेवून. 'आचार्यांना जेवण दिलं' आणि 'आचाऱ्यांना जेवण दिलं' हा फरक कुठलाही स्पेलचेक पकडत नाही.

गुजरातेत आणि मध्य प्रदेशात आणखी एक होतं, प्रेसमधल्या कॉम्प्युटरवर हिंदी वळणाचे फॉण्ट असतात, त्यातले ल आणि श आपल्यासारखे दिसत नाहीत. महाराष्ट्र सरकारने २००९ च्या निर्णयात मराठी ल आणि श कसे असावेत ते ठरवून दिलंय. तिरो देवनागरी मराठी हा फॉण्ट फुकट आहे आणि त्यात मराठी वळणाची अक्षरं आहेत, मजकुराला छान दिसतो. शीर्षकांना मुक्ता पण चालतो. पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरवर युनिकोड देवनागरी नीट चालत नाही, इनडिझाइन घ्या आणि त्यात वर्ल्ड रेडी कंपोझर चालू करा, नाहीतर जोडाक्षरं तुटतात आणि वेलांट्या भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. प्रेसला पीडीएफच द्या, फॉण्ट आत एम्बेड करून.

चांगलं साहित्य कुठून मिळवायचं?

पहिल्या अंकासाठी मागावं लागतं. नावाजलेल्या दोघा-तिघांना पत्र लिहा, पण नुसतं 'काहीही द्या' म्हणू नका. त्यांचं काय वाचलंय, त्यातलं काय मनात राहिलंय आणि म्हणून अमुक विषयावर तुमच्याकडून हवंय असं लिहा. बाकी जागा नव्या लोकांना ठेवा.

पण खरं सांगू का, साहित्य येतं ते उत्तरं दिल्यामुळे. मराठीत लेखकाला सगळ्यात जास्त काय छळतं, तर कविता पाठवली आणि पुढे काहीच नाही, पोचली का, वाचली का, टाकून दिली का, काही म्हणजे काही कळत नाही. आम्ही एक वही केलीये, साधी दोनशे पानी, त्यात नाव, काय आलं, कुठल्या तारखेला आलं, कोणी वाचलं आणि उत्तर कधी गेलं. सहा आठवड्यांच्या आत उत्तर जाणार म्हणजे जाणार. हो असो की नाही असो. या एका सवयीमुळे आमच्याकडे येणारं लिखाण दुसऱ्या वर्षी कितीतरी वाढलं, जाहिरात एकही केली नव्हती. ज्यांना नाही म्हटलं तेच लोक दुसऱ्यांना सांगतात की पाठव तिकडे, ते वाचतात.

नाही कसं म्हणायचं? लोक दुखावतात.

दुखावतातच, पण खोटं बोललं की जास्त. 'जागेअभावी' हा शब्द आम्ही वापरत नाही, कारण जागा असते. दोन ओळी लिहितो, आणि त्यात एखादी तरी गोष्ट त्याच कवितेतली असते. तिसऱ्या कडव्यातली आईच्या बांगड्यांची ओळ फार आवडली, पण पुढे कविता समजावून सांगायला लागते, असं काहीतरी. पुन्हा पाठवा असं खरंच वाटलं तरच लिहायचं.

ओळखीच्यांना नाही म्हणणं सगळ्यात अवघड, काका, मावशी, ऑफिसातले साहेब, सगळे कविता करतात. त्यांना समोर बसून सांगा, मेसेजवर नको.

हाताने लिहिलेलं घ्यायचं का?

घ्यायचं! आमच्याकडे येणाऱ्यात सत्तरीच्या पुढचे बरेच जण आहेत, त्यांच्याजवळ जे आहे ते टायपिंग येणाऱ्यांजवळ नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला तरी आम्ही टाईप करून घेतो आणि टाईप केलेलं त्यांना मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दाखवतो.

आमच्या मराठीत गुजराती, हिंदी मिसळलेलं असतं. ते शुद्ध करून छापायचं का?

याचं उत्तर मला एका आजोबांनी शिकवलं. दांडिया बाजारातले, जुन्या डायरीच्या कोऱ्या पानांवर निळ्या शाईने आईची आठवण लिहून आणलेली, अक्षर मोत्यासारखं. त्यात वाक्य होतं, 'संध्याकाळी आई ओटल्यावर बसायची.' आमच्या प्रूफ बघणाऱ्या ताईंनी ते 'ओट्यावर' केलं, त्यांचंही चुकलं नाही, कोशाप्रमाणे बरोबरच होतं ते. प्रूफ दाखवायला गेलो तर आजोबांनी चष्मा पुसला, त्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "अहो, ओटा आमच्या स्वयंपाकघरात होता. आई त्याच्यावर कशाला बसेल? ती बाहेर ओटल्यावर बसायची, रस्त्यावरचं येणारं-जाणारं दिसायचं तिथून."

ओटलाच छापला. तळटीप पण नाही दिली, वाक्यावरून कळतंच. तर बडोद्याचा माणूस जसं बोलतो, इंदूरचा जसं बोलतो, ग्वाल्हेरचा जसं बोलतो तसं मराठी छापायची जागा दुसरीकडे कुठे आहे? आपल्यासारखा लहान अंक हेच करू शकतो. ऱ्हस्व-दीर्घ सुधारा, शब्द सुधारू नका. शंका आली तर लेखकाला फोन करा, त्याला विचारल्याशिवाय एकही शब्द बदलायचा नाही.

अनुवाद छापायला परवानगी लागते का?

लागते. मूळ लेखकाची किंवा वारसांची, आणि लेखी. आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे ६० वर्षं असतो. ती मुदत संपलेली असेल तर मोकळं. सतराव्या शतकातले गुजराती आख्यानकवी प्रेमानंद बडोद्याचेच, त्यांची आख्यानं मराठीत आणायला कुणाला विचारायला नको. आणि आपण दोन भाषांमध्ये राहतो तर गुजरातीतून सरळ मराठीत आणा ना, मध्ये हिंदी-इंग्रजी कशाला. आमचे निम्मे अनुवादक शेजारीपाजारीच सापडलेत.

आपल्या लेखकांशीही दोन ओळींचा लेखी करार करा. आम्ही फक्त पहिल्यांदा छापायचा हक्क मागतो, बाकी सगळे हक्क लेखकाचे. हक्क दिल्याच्या कागदावर मुदत लिहिली नाही तर कायदा ती ५ वर्षं धरतो, म्हणून मुदत लिहाच.

मानधन द्यायचं का?

द्यावं, थोडं का होईना. नसेल जमत तर दोन प्रती आणि पुढच्या चार अंकांची वर्गणी. पण 'मानधन नाही' हे आधीच स्पष्ट लिहा.

अंक पाठवायचे कसे?

हे अलीकडे अवघड झालंय. छापील पुस्तकांची स्वस्त रजिस्टर्ड बुक पोस्ट सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्येच घेतली गेली. लहान अंकांना हा मोठा फटका आहे, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण गावोगावी पोचणारी तीच एक वाट होती. आम्ही आता एका गावातल्या सगळ्या प्रती एकाच पार्सलने एका वर्गणीदाराकडे पाठवतो आणि ते पुढे वाटतात. इंदूरला एक काकू वीस अंक वाटतात, आणि प्रत्येकाकडे चहा पिऊन येतात. पाकिटावर पिनकोड मोठा लिहा, मोबाईल नंबर लिहा.

वाचक कसे वाढवायचे?

मोठ्या प्रकाशन समारंभाने वाढत नाहीत, हॉलच्या भाड्यात अर्धा अंक निघतो. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० च्या पुढे, बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून बडोदे राज्यात ग्रंथालयं उभी केली गेली, तेव्हा पुस्तकांच्या पेट्या भरून खेड्यांमध्ये पाठवायचे, फिरती ग्रंथालयं. आम्ही तेच उचललं. एका कापडी पिशवीत आमचे पाच-सहा जुने अंक आणि दुसऱ्यांचे काही अंक, एक कागद आणि पेन. पिशवी एका सोसायटीत महिनाभर राहते, वाचणारा कागदावर नाव आणि वाटलंच तर दोन ओळी लिहितो, मग पुढच्या सोसायटीत. आमचे किती तरी वर्गणीदार या पिशवीतून आलेत, आणि एक कथालेखिकाही आली, तिने त्या कागदावर दोन ओळींच्या जागी पाठपोट लिहिलं होतं.

दर महिन्याला कुणाच्या तरी घरी वाचन ठेवा, दहा माणसं खूप झाली.

पीडीएफ फुकट टाकायची का?

नवा अंक नाही, वर्षभर जुना झाला की टाका. कविता मात्र एकेक करून सुटी टाकावी, आणि टेक्स्टमध्ये टाका, इमेजमध्ये टाकली तर शोधून सापडत नाही.

दिवाळी अंकापासून सुरुवात करू का?

नको. का. र. मित्रांनी १९०९ मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही मोठी परंपरा आहे आणि मला ती प्रिय आहे, पण त्या दिवसांत चांगल्या लेखकांनी चार-चार ठिकाणी शब्द दिलेला असतो, प्रेसवाल्यांना वेळ नसतो, वाचकाच्या टेबलावर ढीग असतो. उन्हाळ्यात काढा, लोक घरी असतात आणि वाचायला काही नसतं.

बंद पडला तर?

पडू शकतो. 'सत्यकथा'सारखं मासिक १९८२ मध्ये बंद झालं, 'शब्द' तर थोडेच अंक चालला. बंद करायची वेळ आली तर वर्गणीदारांचे उरलेले पैसे परत करा, हातात असलेलं साहित्य लेखकांना पत्र लिहून परत पाठवा, आणि सगळ्या अंकांचे दोन-तीन संच बांधून ग्रंथालयांत द्या, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत एक. एवढ्यासाठी लागतील तेवढे पैसे आम्ही पहिल्या वर्षापासून वेगळे ठेवलेत, त्याला हात लावत नाही.

तुमच्या अंकात मदत करायची असेल तर?

पुढचा अंक प्रेसमधून आला की त्या रविवारी सकाळी आम्ही पाकिटं भरायला बसतो, जमिनीवरच, चटया टाकून. पत्ते लिहायला सुवाच्य अक्षराचं माणूस नेहमीच कमी पडतं. मोठ्याने प्रूफ वाचायलाही कुणी तरी पाहिजे असतं, आणि ते बसून, न घाई करता, दोन संध्याकाळी द्याव्या लागतात. यायचं असेल तर आधी कळवा म्हणजे पोहे त्या हिशोबाने भिजवता येतील.